नाव जुने, मालिका नवी : गाजलेल्या मालिकांचे रिमेक व्हावेत का?

जुना प्रेक्षक (धागाकर्ता)

आवडत्या जुन्या मालिकेचा रिमेक येतो आहे असे कळले की मला आधी आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. नवी मालिका वाईट निघेल, ही माझी धास्ती नव्हे. वाईट निघालेली मालिका लोक वर्षभरात विसरतात आणि जुनी आपल्या जागी शाबूत राहते. मला सलते ते हे, की नवी मालिका बऱ्यापैकी निघते, वर्षानुवर्षे चालते आणि हळूहळू जुन्या नावाचा ताबा घेते. ‘हवाई फाइव्ह-ओ’ ही अमेरिकी पोलिसी मालिका १९६८ ते १९८० अशी बारा पर्वे चालली होती. २०१० मध्ये ती नव्याने आली आणि दहा पर्वे टिकली. नट, संवाद, कथेची गती असे सगळे बदलले, शीर्षकाची धून मात्र तीच ठेवली. ‘मॅकगायव्हर’ आणि ‘मॅग्नम’ यांच्या बाबतीतही पुढे हेच झाले. आता यांपैकी कोणत्याही मालिकेचा विषय काढला की समोरचा विचारतो, ‘जुनी की नवी?’ आपण ‘जुनी’ म्हणालो की त्याच्या चेहऱ्यावर जी सौम्य कीव उमटते, ती मला सहन होत नाही. नवे काही सांगायचे असेल तर त्याला नवे नाव द्यावे, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

पटकथाप्रेमी

आपल्या मताशी मी मुळीच सहमत नाही, आणि त्यासाठी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे एक उदाहरण पुरेसे आहे. १९७८ ची मूळ मालिका एकाच पर्वात आटोपली. मानवजात जवळजवळ नष्ट झाली आहे आणि उरलेले मूठभर लोक अंतराळजहाजांच्या ताफ्यातून आसरा शोधत निघाले आहेत, ही तिची कल्पना जबरदस्त होती. पण एवढा संहार झाल्यावर माणसे कशी वागतील, या प्रश्नाला ती मालिका फारशी भिडलीच नाही. रोनाल्ड मूर यांनी २००३ च्या लघुमालिकेत आणि २००४ ते २००९ च्या मालिकेत नेमका तोच प्रश्न हाती घेतला. वाचलेल्यांची संख्या त्यांनी एका फळ्यावर लिहून ठेवली, आणि कोणी मेले की तो आकडा कमी होताना आपल्याला दिसतो. स्टारबक हे पुरुष पात्र स्त्री झाले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी केवढा गहजब केला होता! आज त्या पात्राशिवाय नव्या मालिकेची कल्पनाही करवत नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट रिचर्ड हॅच यांची आहे. मूळ मालिकेतला अपोलो त्यांनीच साकारला होता. तीच कथा पुढे न्यावी म्हणून त्यांनी स्वतः खटपट करून एक झलकही तयार केली होती, आणि रिमेकला त्यांचा उघड विरोध होता. पुढे त्याच रिमेकमध्ये त्यांनी टॉम झॅरेक ही भूमिका स्वीकारली. पडद्यावर अपोलो झालेल्या माणसाची समजूत पटू शकते, तर आपली का पटू नये?

निगेटिव्ह

हॅच यांच्या गोष्टीतून मला नेमका उलटा अर्थ दिसतो. त्यांना जुनी कथा पुढे न्यायची होती आणि रिमेक झाल्यावर ती वाट बंद झाली. ते शहाणे होते, म्हणून मिळाले ते काम त्यांनी उत्तम केले. पण म्हणून त्यांची मूळ तक्रार खोटी ठरत नाही.

शिवाय जुनी मालिका आजच्या पडद्यावर बघवत नाही, म्हणून ती नव्याने करावी, असा युक्तिवाद रिमेकच्या बाजूने नेहमी केला जातो, तोही अर्धवट आहे. ती कशावर चित्रित झाली यावर पुष्कळ काही अवलंबून असते. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मुळातच तपशील कमी असतो, तो नंतर आणणार कुठून? फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकेचे तसे नाही. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, संकलन आणि दृश्यपरिणामांची जुळणी मात्र टेपवर झाली होती. त्यामुळे उच्च दर्जाची आवृत्ती काढताना मूळ निगेटिव्ह शोधून, ती पुन्हा स्कॅन करून, सातही पर्वांचे भाग नव्याने जुळवावे लागले. हे काम किचकट आणि खर्चिक आहे, पण परिणाम असा की कलाकारांच्या गणवेशाची वीणसुद्धा दिसते. त्याच पद्धतीने बनलेल्या ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिका ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ यांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. रिमेकसाठी पैसा निघतो आणि जतनासाठी निघत नाही, यावर कोणी बोलणार आहे का?

दुसरी पिढी

मूळ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवू या. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका १९८८ ते १९९० या काळात आली. तिच्यात काळाच्या तोंडून कथा सांगण्याची युक्ती इतकी पक्की बसली, की तो आवाज महाभारताचाच आहे असे अनेकांना वाटू लागले. पण तीसुद्धा हजारदा सांगून झालेल्या कथेचे एक रूपच होते. २०१३ ची ‘महाभारत’ मी लहानपणी पाहिली, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर कृष्ण म्हटले की सौरभ राज जैन येतात आणि माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर नितीश भारद्वाज. मूळ म्हणजे बहुतेक वेळा आपण आधी पाहिलेले, एवढेच.

पटकथाप्रेमी

‘वन डे ॲट अ टाइम’ही पाहावी. १९७५ ची मालिका घटस्फोटित आई आणि तिच्या दोन मुली यांची होती, आणि त्या काळी हा विषयच धीट होता. २०१७ मध्ये तेच कुटुंब क्यूबन-अमेरिकी झाले आणि आई सैन्यातून परतलेली परिचारिका झाली. सोबत एक आजी आली, आणि रिटा मोरेनो यांनी ती बहारदार रंगवली. पहिल्या मालिकेमागे असलेले नॉर्मन लिअर नव्या मालिकेचेही कार्यकारी निर्माते होते. म्हणजे इथे मूळ निर्मात्याचीच संमती होती.

जुना प्रेक्षक (धागाकर्ता)

पण एवढे सगळे बदलायचे होते, तर नाव तरी जुने कशाला? ओळखीचे नाव पाहून पैसे गुंतवणाऱ्याला धीर येतो, एवढेच कारण मला दिसते.

‘गॅलॅक्टिका’बाबत मात्र मी हरलो, हे मान्य करतो. आणखी एक कबुलीही देऊन टाकतो. हा धागा काढल्यावर माझ्या एका लाडक्या जुन्या मालिकेचा भाग पुन्हा पाहिला. ज्या प्रसंगाने मी लहानपणी रात्रभर जागा राहिलो होतो, त्यात नायक दार आपटतो आणि मागची भिंत पडद्यासारखी हलते. मला हसू आले, मग थोडे वाईटही वाटले. तरीही त्या मालिकेचा रिमेक आला तर पहिला भाग मी आधी जुना पाहीन आणि मगच नवा. ‘निगेटिव्ह’ यांना एक विचारायचे आहे : भिंत हलताना स्पष्ट दिसते, म्हणजे ती मालिका फिल्मवर चित्रित झाली असेल का?