चिकित्सा उगाच नाही: 'क्रोनो ट्रिगर'चा अनुभव

जुन्या जपानी आरपीजींच्या (रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेमच्या) नव्या आवृत्त्यांमध्ये कथा आणि संगीत तेच असताना चाहते उगाच चिकित्सा करतात, असे या चर्चेत एका सदस्यांनी म्हटले आहे. मला ते पटत नाही. १९९५ साली सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) आलेला 'क्रोनो ट्रिगर' हा असाच एक खेळ फेब्रुवारी २०१८ मध्ये स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला, तेव्हा तो मोबाइल आवृत्तीवर बेतलेला असल्यामुळे बोटाने दाबण्यासाठी आखलेली मोठी बटणे संगणकाच्या पडद्यावर तशीच दिसत होती. त्याहून अधिक खटकली ती चित्रे. मूळ पात्रांचा डोळा म्हणजे जेमतेम एकदोन ठिपके, आणि चेहऱ्यावरचा सारा भाव त्या ठिपक्यांच्या नेमक्या जागेवर तोललेला. त्यांवर गुळगुळीत करणारा फिल्टर फिरवला की कडा पुसट होतात आणि तो भावच हरवतो. जमिनीच्या चौकोनी तुकड्यांमधले सांधेही उघडे पडले होते.

स्क्वेअर एनिक्स या खेळाच्या कंपनीने त्याच वर्षी एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत टप्प्याटप्प्याने दुरुस्त्या केल्या आणि पहिल्याच दुरुस्तीत मूळ चित्रशैली निवडण्याची सोय दिली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र चाहत्यांनी तक्रारी लावून धरल्या नसत्या, तर हे घडले असते असे मला वाटत नाही. याच कंपनीच्या 'फायनल फँटसी' या खेळमालिकेच्या पिक्सेल रीमास्टरचेही (जुन्या खेळांच्या नव्या आवृत्तीचेही) तेच: २०२१ च्या आवृत्तीतील बारीक, अरुंद अक्षरांवर टीका झाली, आणि २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत ठिपक्यांच्या वळणाच्या अक्षरांचा पर्याय मिळाला.