मदत हवी आहे: पर्मनंट एलएमसी (लो मेडिकल कॅटेगरी) झाल्यावर जवानाची नोकरी राहते का? युनिट हाय अल्टिट्यूडला निघालंय

सांजवेळ
धाकटा दीर इन्फंट्रीत नायक आहे, सर्व्हिस १३ वर्षं. युनिटच्या आंतर-कंपनी बास्केटबॉलमध्ये उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, मेनिस्कसही फाटलं. ऑपरेशन झालं, दोनदा टी-२४ (२४ आठवड्यांची तात्पुरती कॅटेगरी) मिळाली, आणि आता मेडिकल बोर्डाने ए३ पर्मनंट दिलं. युनिट पीस स्टेशनवरून ११ हजार फुटांवर जाणार आहे. ऑफिसातून त्याला सांगितलंय की एलएमसीला तिकडे काम नाही, 'पुढे नोकरी करायची इच्छा नाही' असं लिहून दे, कागद लवकर हलतील. १५ वर्षं भरायला दोन वर्षं कमी आहेत. माझे प्रश्न: त्याला युनिटबरोबर जावं लागेल का? पर्मनंट कॅटेगरी म्हणजे घरी पाठवणारच का? आणि हे लिहून द्यावं का? सही परवापर्यंत मागितली आहे.

रेकॉर्डवाला
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तारीख त्याचीच जवळ आहे. सही करू नये.

अनिच्छेचा कागद दिला की डिस्चार्ज आर्मी रूल १३(३) च्या तक्त्यात आयटम तीन (चार) खाली, म्हणजे 'स्वतःच्या विनंतीवरून', नोंदला जाऊ शकतो. मग १५ वर्षांखाली सर्व्हिस पेन्शन नाही. कमी पडलेला काळ एक वर्षापर्यंत माफ करण्याची तरतूद आहे, पण नियमाप्रमाणे स्वतःहून जाणाऱ्याला ती नाही, आणि इथे तर दोन वर्षं कमी आहेत. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा डिसॅबिलिटी लाभ मेडिकल कारणाने मुदतीआधी बाहेर पडणाऱ्यासाठी असतो, त्यावरही पाणी पडतं. गुडघा तोच, बोर्ड तोच, फक्त कागदावरचं कलम बदललं की घरात येणारा पैसा बदलतो.

त्याने काय लिहावं? 'मी सेवेत राहण्यास इच्छुक आहे. माझ्या कॅटेगरीला साजेशी शेल्टर्ड अपॉइंटमेंट मिळावी.' खाली सही, तारीख, आणि पोच घेतलेली एक प्रत स्वतःजवळ. बास.

स्टेथोस्कोप
वैद्यकीय बाजू सांगतो. एस-एच-ए-पी-ई ही पाच अक्षरं अनुक्रमे मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांची. प्रत्येकाला १ ते ५ श्रेणी. १ म्हणजे कुठेही, कोणत्याही कामाला फिट. २ म्हणजे काम सगळं, पण अतिताण नको. ३ म्हणजे रोजचं किंवा बैठं काम, मर्यादांसह. ४ म्हणजे सध्या हॉस्पिटलात किंवा सिक लीव्हवर. ५ म्हणजे लष्करी सेवेला कायमचा अनफिट.

तर ए३ हा काही ए५ नाही. बोर्डाचं म्हणणं एवढंच की हा माणूस नोकरी करू शकतो, पण कुठली ते पाहून द्या. 'पर्मनंट' ऐकून घरची मंडळी घाबरतात. त्याचा अर्थ आजार २४ आठवड्यांच्या तात्पुरत्या चौकटीत बसत नाही, इतकाच. पर्मनंट कॅटेगरीचंही दर दोन वर्षांनी रिकॅट बोर्ड (कॅटेगरी पुन्हा तपासणारं) होतं, आणि तिथे श्रेणी वर जाऊ शकते, खालीही. मधल्या काळात दुखणं वाढलं तर मुदतीआधीही बोर्ड मागता येतं.

डिप्लॉयमेंट ठरतं ते आकड्यापेक्षा बंधनांवरून. एएफएमएसएफ-१५ या बोर्डाच्या कागदावर कोप कोड असतो: हवामान व भूभाग, किती वैद्यकीय देखरेख लागते, शारीरिक श्रमाची मर्यादा, आणि खास मनाई. अंक जितका मोठा तितकं बंधन कडक. त्याखाली शब्दांत बंधनं लिहिलेली असतात. गुडघ्याच्या केसमध्ये सहसा धावणं, उड्या, ओझं उचलणं, डोंगरचढ आणि २७०० मीटरच्या वरची ड्युटी नको असं येतं. २७०० मीटर म्हणजे सुमारे ९ हजार फूट, आणि तुमचं ठिकाण ११ हजार. कागदावर ही ओळ असेल तर तो तिकडे जात नाही, मग तो जायला तयार असो वा नसो. ओळ नसेल तर घोळ होतो, म्हणून पहिल्यांदा तो कागद वाचा. बंधनं मोघम असतील, नुसतं 'जड काम टाळावे' वगैरे, तर आरएमओमार्फत (युनिटचे डॉक्टर) पुन्हा ऑर्थोपेडिक स्पेशालिस्टचं मत मागा. 'जड' किती ते प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो.

सांजवेळ
कागद मागवला. 'हाय अल्टिट्यूडला अनफिट' स्पष्ट लिहिलंय. मग युनिट गेल्यावर याचं काय?

रेकॉर्डवाला
युनिट हलतं तेव्हा मागे रिअर पार्टी राहते: स्टोअर, फॅमिली क्वार्टर्स, कागदपत्रं. एलएमसी जवान बहुधा तिथे ठेवतात, किंवा रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्या ठिकाणी पोस्टिंग काढतं: रेजिमेंटल सेंटर, स्टेशन हेडक्वार्टर, डेपो. देखरेखीचा अंक मोठा असेल तर स्पेशालिस्ट असलेल्या मिलिटरी हॉस्पिटलजवळची पोस्टिंग मागायला आधार मिळतो. शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणजे मंजूर संख्येतलीच जागा जी तो बंधनं न मोडता भरू शकेल: टेलिफोन एक्स्चेंज, स्टोअर, कँटीनचा हिशेब, ऑफिस रनर. नवी जागा निर्माण करत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर येतो, टायपिंग येतं, ड्रायव्हिंगचं ट्रेड आहे, जे असेल ते अर्जात लिहावं. हेड क्लार्कला माणूस कुठे बसवायचा हे आयतं सुचलं की निम्मं काम होतं.

मोर्चेकरी
घाबरू नका. राजपाल सिंग केसमध्ये २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की इनव्हॅलिडिंग बोर्डाशिवाय (सेवेला अनफिट ठरवणारं मेडिकल बोर्ड) एलएमसीला काढताच येत नाही. नोटीस आली तर तो निकाल दाखवा.

कलम२६
मोर्चेकरी, हा सल्ला निम्मा जुना झाला आहे, आणि त्यावर विसंबून लोक हरतात. तो निकाल तेव्हाच्या नियमावर होता. मे २०१० मध्ये रूल १३(३) च्या तक्त्यात आयटम तीन (तीन)(ए) घातला गेला. बोर्डाने शेप २ किंवा ३ पर्मनंट दिलेल्या जवानाला आता दोन परिस्थितींत कमांडिंग ऑफिसर डिस्चार्ज करू शकतो: युनिटमध्ये शेल्टर्ड अपॉइंटमेंट नाही, किंवा तो संघटनेला अतिरिक्त ठरतो. बोर्ड लागतं, पण ते रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवेतून सोडताना होणारं.

म्हणजे नुसत्या कॅटेगरीवर काढता येत नाही हे खरं, पण 'जागा नाही' असं दाखवून काढता येतं. खटला उभा राहतो तो याच दोन शब्दांवर. जागा खरोखर शोधली का? कोणत्या नोंदीत? त्याच युनिटमध्ये त्याच कॅटेगरीचे दुसरे जवान ठेवलेत का? म्हणूनच 'मला ठेवा' हा लेखी अर्ज आजच जायला हवा. तो फाइलला असेल तर 'त्यानेच नको म्हटलं' असं पुढे म्हणता येत नाही.

कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर लेखी आणि मुदतीत द्यावं. आदेश निघालाच तर आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली तक्रार, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. महाराष्ट्रासाठी मुंबई बेंच आहे. अंतिम आदेशानंतर मुदत सहा महिने, आणि तक्रारीवर सहा महिने उत्तरच आलं नाही तरी ट्रिब्युनलचं दार उघडतं.

सांजवेळ
आणि काढलंच तर १५ वर्षं नसताना पेन्शन?

रेकॉर्डवाला
इथे मामला उलटा आहे, लक्ष देऊन वाचा. जागा नाही म्हणून मुदतीआधी काढलं तर पेन्शनसाठी त्याला इनव्हॅलिड झालेला, म्हणजे मेडिकल कारणाने काढलेला, धरतात. दुखापत सेवेमुळे झाली असं मान्य असेल आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनला १५ वर्षांची अट नाही. तिचे दोन भाग: सर्व्हिस एलिमेंट शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, आणि डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्के अपंगत्वाला त्याच वेतनाच्या ३० टक्के. वर ब्रॉडबँडिंग आहे: ५० च्या खालचं ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००.

समजा शेवटचं वेतन ४५,००० आणि बोर्डाने ३० टक्के दिले. सर्व्हिस एलिमेंट २२,५००. ३० चे ५० झाले, म्हणून १३,५०० च्या निम्मे ६,७५०. एकूण २९,२५०, वर महागाई सवलत. आता तोच माणूस अनिच्छेच्या सहीने गेला तर सर्व्हिस पेन्शनच्या खात्यात शून्य. दुखापत सेवेशी जोडलेली नाही असं ठरलं तरी १० वर्षांवर सर्व्हिस असल्याने मेडिकल कारणाने जाणाऱ्याला इनव्हॅलिड पेन्शनचा रस्ता आहे. स्वतःहून जाणाऱ्याला तोही नाही.

कलम२६
पुरवणी. जुने निकाल, उदा. २०१३ चा धरमवीर सिंग, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झाला असं धरतात. ते १९८२ च्या नियमांवर आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट नियम लागू आहेत, त्यामुळे आता बाहेर पडणाऱ्याने गृहीतकावर न बसता पुरावा जमवावा. तुमच्या केसमध्ये पुरावा चांगला असू शकतो, कारण युनिटने आयोजित केलेला खेळ ड्युटीत धरतात. तीच दुखापत रजेवर गावच्या मैदानात झाली असती तर सगळंच अवघड.

सांजवेळ
पुरावा म्हणजे नेमके कोणते कागद?

रेकॉर्डवाला
दुखापतीचा रिपोर्ट, फॉर्म आयएएफवाय-२००६. त्यात वेळ, जागा, 'ऑन ड्युटी' आणि सीओंचं (कमांडिंग ऑफिसर) मत आहे का बघा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचं मत. पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश), दुखापतीची आणि कॅटेगरीची, दोन्ही. ती निघालीच नाही असं वर्षांनी कळतं आणि मग रेकॉर्ड ऑफिस हात वर करतं. मॅचचं वेळापत्रक किंवा युनिटचा रुटीन ऑर्डर. हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, एमआरआयचा रिपोर्ट (नुसती फिल्म नको), सगळी एएफएमएसएफ-१५. यातलं जे नाही ते युनिट हलायच्या आधी काढा. कागदांच्या पेट्या ट्रकमध्ये गेल्या की सहा महिने सापडत नाहीत.

स्टेथोस्कोप
रिलीज बोर्ड झालंच तर त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या: सेवेमुळे झालं का किंवा सेवेने वाढलं का, टक्के किती, आणि कारणं. पहिल्यापुढे नुसतं 'नाही' असेल आणि कारण रिकामं असेल तर अपिलात तेच पकडायचं. बोर्डापुढे जवान बोलत नाहीत, 'ठीक आहे साब' म्हणून येतात. गुडघा अडकतो, जिना उतरताना लचकतो, मांडी घालता येत नाही, हे सगळं सांगावं. वाकण्याचा कोन आणि मांडीचा घेर दोन्ही पायांचा मोजून लिहिला जातो, तो लिहिला का बघावं.

आणि बोर्ड चांगलं निघावं म्हणून बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी) धावायला जाऊ नये. बंधन मोडून पुन्हा सुजला तर गुडघाही जातो आणि दावाही वादात पडतो.

सांजवेळ
अर्ज लिहून पाठवला. तो म्हणतोय हेड क्लार्क पोच द्यायला कुरकुर करतील.

रेकॉर्डवाला
तर स्पीड पोस्टाने सीओंच्या नावाने, प्रत रेकॉर्ड ऑफिसला. पावती सांभाळा. आणि सैनिकी सेवेत राहताना अपंगत्वाची एकरकमी भरपाई घेण्याचा पर्याय पुढे समोर आला तर लगेच हो म्हणू नका. ती घेतली की त्याच दुखापतीवर निवृत्तीनंतरचं डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही. त्या वेळी इथे आकडे टाका, हिशेब करून देतो.