स्पिन क्रॉसओव्हर : संक्रमण, पालट की आणखी काही?

निळी शाई : लोहाच्या जटिल संयुगांवर मराठीत लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडकलेय. 'स्पिन क्रॉसओव्हर'ला काय म्हणायचं?

प्रकार असा आहे. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचं अंगभूत, इवलंसं चुंबकत्व; जोडीनं राहिले की ते एकमेकांचं खोडून टाकतात. लोहाच्या अणूभोवती सहा बाजूंनी लिगंड (धातूला जोडलेले रेणू किंवा आयन) असले की त्याच्या पाच डी-कक्षकांचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांचे, ऊर्जेनुसार दोन मजले होतात. वाडा समजा : खाली तीन खोल्या, माडीवर दोन, राहणारे इलेक्ट्रॉन सहा. जिना, म्हणजे दोन मजल्यांमधला ऊर्जेचा फरक, उंच असेल तर सगळे खालीच दोन-दोन करून दाटीवाटीनं राहतात. एकटं कुणीच नाही, त्यामुळे चुंबक अशा संयुगाला ओढत नाही. हे लो स्पिन. जिना बुटका असेल तर दोघं माडीवर जातात, एकूण चार जण एकटे राहतात आणि चुंबक संयुगाला ओढतो. हे हाय स्पिन. काही संयुगांत जिना नेमका अधल्यामधल्या उंचीचा असतो. तापवलं की लोचं हाय, थंड केलं की परत लो. हाच स्पिन क्रॉसओव्हर. फिनॅन्थ्रोलीन आणि थायोसायनेटवाल्या प्रसिद्ध संयुगात हे १७६ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे ९७ अंश सेल्सिअसला घडतं.

सध्या 'परिवलन संक्रमण' लिहिलंय, पण ते मलाच आवडत नाहीये.

साखर कमी : परिवलन आधी खोडा. शाळेपासून पृथ्वी परिवलन करते, चोवीस तासांत एकदा. वाचकाच्या डोळ्यांपुढे गरगरणारा भोवरा उभा राहील आणि इलेक्ट्रॉन तसा फिरत नाही. हिंदीवाले 'प्रचक्रण' म्हणतात, त्यातही चक्र आहेच. 'स्पिन' राहू द्या, क्रिकेटमुळे शब्द ओळखीचा आहे (तिथेही चेंडू फिरतोच म्हणा!).

'संक्रमण'ही अडचणीचं. लोह स्वतःच संक्रमण मूलद्रव्य. 'संक्रमण मूलद्रव्याच्या संयुगातील संक्रमण' एकदा मोठ्यानं वाचून बघा. त्यापेक्षा हवापालट, खांदेपालट, तसं 'स्पिनपालट'. सुटसुटीत आहे.

डांबरी गोळी : सुटसुटीत आहे, पण चुकीचं चित्र उभं करतं. 'स्पिनपालट' ऐकून मला एकच कण खाली डोकं वर पाय झालेला दिसतो. एमआरआयमध्ये प्रोटॉनांचं होतं ते. इथे सबंध रेणू बदलतो. माडीवरच्या कक्षकांची तोंडं थेट लिगंडांकडे असतात, तिथे इलेक्ट्रॉन गेले की लिगंड मागे रेटले जातात. लोह-नायट्रोजन बंध सुमारे २.० अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) २.२ होतो. रेणू अक्षरशः फुगतो. म्हणून तर दाब दिला की गाडी लो स्पिनकडे वळते.

ट्रायाझोल आणि टेट्राफ्लुओरोबोरेटवालं लोहाचं चूर्ण मी स्वतः तापवलंय. जांभळट गुलाबी, थेट गुलालासारखं. हॉटप्लेटवर ११० अंशांच्या थोडं पुढे गेलं आणि कडेकडेनं पांढरं पडत गेलं. खरी गंमत पुढे आहे. थंड करताना ११० ला गुलाबी होईल म्हणून बघत बसलो, तर नव्वदला पांढरं, ऐंशीलाही पांढरं. सत्तरच्या आसपास रंग परत आला. म्हणजे नव्वद अंशांना ते गुलाबी की पांढरं, हे आधी कुठून आलंय त्यावर ठरतं. अशा घन पदार्थात एक रेणू फुगला की तो शेजाऱ्याला रेटतो, म्हणून सगळे एकदम बदलतात. द्रावणात असं काही नाही. तिथे दोन्ही प्रकारचे रेणू एकत्र नांदतात आणि तापमानाबरोबर त्यांचं प्रमाण हळूहळू सरकतं.

म्हणूनच इंग्रजीतही दोन शब्द आहेत. असा एकदम झालेला बदल सांगताना 'स्पिन ट्रान्झिशन' म्हणतात, 'क्रॉसओव्हर' सगळ्यालाच चालतं. 'संक्रमण' त्या पहिल्यासाठी राखून ठेवा.

आणि एक दुरुस्ती. सहा इलेक्ट्रॉनांचा वाडा +२ लोहाचा, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाचा. १९३१ मध्ये इटलीत रसायनशास्त्रज्ञ कॅम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्याला हे वागणं दिसलं ते +३ लोहाच्या डायथायोकार्बामेट नावाच्या संयुगांत. तिथे राहणारे पाच, त्यामुळे लो स्पिनमध्येही एक जण एकटा उरतोच.

निळी शाई : दुरुस्ती मान्य, +३ लोहाच्या वाड्यात एक भाडेकरू कमी दाखवते. फुगण्याचं वाचून मात्र एक सुचलं : स्पिनांतर. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष. आतला माणूस तोच. इथेही लोह तेच, लिगंड तेच, इलेक्ट्रॉनही तेवढेच.

साखर कमी : इंग्रजी शब्दाला संस्कृत शेपूट?

निळी शाई : आयनीभवन चालतं ना तुम्हाला?

साखर कमी : चालतं. बरं, पण 'अंतर' म्हणजे लांबीही. 'स्पिनांतर'चा अर्थ कुणी 'दोन स्पिनांमधलं अंतर' असा घेतला तर?

निळी शाई : स्थलांतर वाचून कुणी किलोमीटर मोजत नाही.

डांबरी गोळी : मला पटतंय. पण तुमचा शब्द मूळ शब्दापेक्षा ऐसपैस आहे, हे लक्षात असू द्या. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की तिथलं लोहही हाय स्पिनमधून लो स्पिनमध्ये जातं. त्याला सहसा स्पिन क्रॉसओव्हर म्हणत नाहीत, कारण तिथे नवा लिगंड येऊन बसतो. तुमच्याच व्याख्येनं 'लिगंड तेच' राहत नाहीत. लेखात रक्ताचं उदाहरण देणार असाल तर 'उष्णताजन्य स्पिनांतर' आणि नुसतं 'स्पिनांतर' असा फरक करा.

निळी शाई : रक्ताचा परिच्छेद होताच, बरं झालं सांगितलंत. आता शेवटचं : संयुग स्पिनांतर 'करतं' की संयुगाचं स्पिनांतर 'होतं'?

साखर कमी : धर्मांतर, स्थलांतर माणूस करतो. रूपांतर होतं. चूर्ण काही ठरवून करत नाही. 'होतं' लिहा.