नवऱ्याच्या सेमिनरीसाठी कर्ज काढावं का? मुलगा तीन वर्षांचा आहे

प्रश्न

सर्वांना सलाम. आम्ही वडगाव शेरीत भाड्याने राहतो. मी खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे, हातात २६,००० येतात. मिस्टरांच्या पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने त्यांना सेवेला बोलावलंय याबद्दल, मला शंका नाही. लग्नाआधीपासून रविवारची शाळा आणि तरुण संघ तेच बघतात. आता नोकरी सोडून तीन वर्षं पूर्णवेळ सेमिनरीत, म्हणजे चर्चचा पाळक (पाद्री) होण्याच्या शिक्षणाला, जायचं म्हणताहेत. फी, पुस्तकं, कुटुंबासाठीची खोली धरून वर्षाला एक लाख कमी पडतात. म्हणजे तीन लाखांचं कर्ज, आणि सहकर्जदार म्हणून माझी सही. सासूबाई म्हणतात, देव पुरवील. माझाही विश्वास आहे, तरी रात्री झोप लागत नाही. कोणी यातून गेलंय का?

उत्तर १ (पाळकाची बायको, कोंढवा)

ताई, सलाम. आम्ही गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे सासरे यवतमाळला शिकले, युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली तिथून पुण्यात बिबवेवाडीत आली त्याच्या आधी. त्यांचा खर्च मिशनने केला होता. त्यामुळे सेमिनरीसाठी घरातून पैसे उभे करावे लागतात हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या नवऱ्याला मात्र पाठवणारं कोणी नव्हतं. दीड लाख शैक्षणिक कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली, सिझेरियन झालं, तेव्हा माझ्या पाटल्या तारण ठेवून आणखी साठ हजार. ते तारणाचं कर्ज काही अभ्यास संपायची वाट बघत नाही, व्याज लगेच सुरू.

शिक्षण संपल्यावर यांना तालुक्याच्या गावी मंडळी (चर्च) मिळाली. मानधन ९,००० आणि राहायला दोन खोल्या. लोकांनी फार जीव लावला. ज्वारी, तूर, भाजी कधी विकत घ्यावी लागली नाही. पण ३,४०० चा हप्ता रोख भरायचा होता आणि तिथे मला नोकरी मिळेना. मी मुलीला घेऊन पुण्यात आईकडे आले, काम धरलं. हे तिकडे एकटे. दोन वर्षं असं चाललं. पाळकाचं घरात पटत नाही, अशी कुजबुज झाली. शेवटी यांनी ती मंडळी सोडली आणि पुण्यात हिशेबाची नोकरी घेतली. पुढे वर्षभर त्या गावाला पाळक नव्हता. ते मला आजही लागतं.

तुमच्या मंडळीच्या पंचांना सही करण्याआधी भेटा. किती देणार, कोणत्या महिन्यात, हे लेखी घ्या. आम्हाला "बघू, प्रार्थना करू" म्हणाले होते आणि आम्ही ते आश्वासन समजलो.

उत्तर २ (बँकेत १९ वर्षं, पिंपरी)

ताईंचं खरं आहे, फक्त आकडे घालतो. समजा व्याज ११ टक्के. दर वर्षी एक लाख उचललेत, तर अभ्यासाची तीन वर्षं आणि नंतरचं हप्ता न लागणारं सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याजच सुमारे ९९,००० होतं. ते मुद्दलात मिळवलं की सात वर्षांसाठी हप्ता साधारण ६,८३० बसतो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर तोच हप्ता ५,१४० च्या आसपास.

सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. विवाहित विद्यार्थ्याला बायको चालते, पण हप्ता चुकला की तुमचाही सिबिल स्कोअर खाली येतो. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. उद्या मुलाच्या शिक्षणाला कर्ज मागायला तुम्हीच जाणार आहात.

बँक कुठल्या पदवीला शैक्षणिक कर्ज देते हे प्रवेशाआधी शाखेत विचारा. नाही म्हणाले तर पर्सनल लोन घेऊ नका. त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून लागतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. ६,८३० चा आकडा मिस्टरांना दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, एक वर्ष थांबतो, आधी लाखभर साठवू. रविवारी उपासनेनंतर पंचांकडे दोघं जातोय. कोंढव्याच्या ताई, पाटल्या सुटल्या का हो?

उत्तर १ (पाळकाची बायको, कोंढवा)

एक सुटली.