गाडी विकली तरी मालक आपणच? इन्शुरन्स क्लेम आणि मालकीची भांडणं – तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज शेजारच्या काकांना केव्हाच विकून टाकलेल्या स्कूटरचं चलन आलं आणि बाबांच्या मोटरसायकलचं सगळं प्रकरण डोळ्यापुढे उभं राहिलं. गावातल्याच माणसाला दिली होती, पैसे रोख, टीटी फॉर्मवर (मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म) सह्या, आरसी त्याच्या हातात. त्याने नाव चढवलंच नाही, इन्शुरन्स संपला तोही भरला नाही, आणि बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं, पाय मोडला बिचाऱ्याचा. अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलची नोटीस मात्र आमच्या दारात, बाबा सामनेवाला नंबर १. बेलिफ ओट्यावर उभा आणि बाबा कपाटातली कागदपत्रं उपसतायत, विक्रीची पावती काही सापडेना. वकील म्हणाले कायद्याने मालक म्हणजे आरसीवर नाव असेल तो, २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, मधे गाडीने कितीही हात बदलू देत. बाबांसारख्या सरळ माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या याचा अजून राग येतो. विकणाऱ्याने नुसते पैसे घेऊन घरी जायचं नाही, नाव बदललेलं डोळ्याने बघायचं. तुमच्याकडे काय झालं लिहा.

सांगलीचा_सम्या
आमचं उलटं. भावाने सेकंडहँड गाडी घेतली, आरसीवर नाव लगेच झालं पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर. पुरात इंजिनात पाणी गेलं, सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि मग क्लेम नामंजूर. थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, गाडीबरोबर आपोआप येतो (मोटार वाहन कायदा, कलम १५७), स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही, त्यासाठी १४ दिवसात कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. हे विकणारा सांगत नाही, एजंट सांगत नाही, कोणीच सांगत नाही

माऊ
चलनाचं नका विचारू. गाडी विकली नाशकात, चलनं येतात धुळ्याहून. फोटोत हेल्मेट पण नाही त्याच्या डोक्यावर 😡

अबोली७
पहिल्यांदाच लिहितेय. मिस्टर गेले तेव्हा गाडी त्यांच्या नावावर होती. पावसात झाड पडून टप आणि काच गेली, क्लेमला गेले तर आधी वारस कोण ते सिद्ध करा म्हणे. फॉर्म ३१ (वारसाच्या नावावर गाडी करायचा), प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत. सासूबाईंनी थरथरत्या हाताने सही केली, दीर मात्र अडून बसले, गाडीला पैसे मी दिले होते म्हणून. मग वकीलबाई म्हणाल्या मृत्युपत्र नसेल तर हिंदू कायद्यात बायको, मुलं आणि आई आधी, ते असताना भावाचा वाटा नाही, त्यांची सही लागतच नाही. त्या एका वाक्याने एवढं बळ आलं. क्लेम मिळाला, थोडा कापून. मुलगी क्लासवरून आली, उरलेलं नंतर लिहिते.

रानजाई
अबोली, खूप सोसलंत हो. सासूबाई तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या हे वाचून बरं वाटलं.

गुरुनाथ
अबोलीताई, इतरांसाठी लिहून ठेवतो, मालक वारल्यावर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवलं तर वारसाला ३ महिने तीच गाडी वापरता येते, तेवढ्यात नाव करून घ्यायचं. आणि नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकताना तो सोडू नका, कंपनीकडून पत्र घ्या, नव्या गाडीला ५०% पर्यंत लागतो.

माऊ
अय्या हे बोनसचं माहितीच नव्हतं, ह्यांना सांगते

सांगलीचा_सम्या
डीलरला देणार असाल तर फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला कळवायचा) ऑनलाइन भरून घ्या. एप्रिल २०२३ पासून नियम आहे, पण डीलर आरटीओकडे अधिकृत पाहिजे. मग गाडी त्याच्याकडे असेपर्यंत मालक तोच धरतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हे लागू नाही

माऊ
सम्या तू मिरजेचा का रे? माझं माहेर तिथलं

सांगलीचा_सम्या
नाही ताई सांगलीच, गावभाग. पुराचं पाणी दरवेळी आमच्याकडेच आधी

गुरुनाथ
@रानजाई, बाबांच्या केसचं शेवटी काय झालं? ते राहिलंच.

रानजाई
तडजोड झाली. घेणाऱ्याने बरेचसे पैसे भरले, बाकीचे बाबांनी एफडी मोडून. त्या आजोबांना पैसे मिळाले एवढंच समाधान, त्यांची तरी काय चूक होती यात. नाव मात्र लोक अदालतीतच लिहून घेतलं, महिन्यात ट्रान्सफर करेन म्हणून, आणि त्याने केलं.