ऐकू कमी येणं आणि चालताना तोल जाणं, संबंध असतो का?

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे, हल्ली ऐकू कमी येतंय आणि चालणंही मंदावलंय, जिना उतरताना कठडा घट्ट धरते, मागून कुणी हाक मारली की दचकून अडखळते. गुडघे ठीक आहेत म्हणे. मग कानामुळे असेल का?

प्रतिसाद १: असू शकतं. ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा भाग आतल्या कानात अगदी शेजारी शेजारी असतो, शिवाय शब्द पकडण्यातच मेंदू इतका गुंततो की पावलांकडे लक्ष कमी पडतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात ४० ते ६९ वयाच्या लोकांमध्ये, ज्यांना २५ डेसिबल म्हणजे सौम्यच बहिरेपणा होता त्यांच्यात पडण्याची शक्यता जवळपास तिप्पट दिसली. अर्थात कारण तेच, असं त्यातून सिद्ध होत नाही, बीपी, डोळे, गोळ्या सगळं तपासा.

प्रतिसाद २: आधी कानात मळ आहे का बघा आणि ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. ऐकण्याचं मशीन घेतलंत तर सवय व्हायला वेळ लागतो, प्लीज ते ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका.

प्रतिसाद ३: आणि मागून हाक मारू नका हो, समोर जाऊन बोला. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी ईएनटीकडे न्या.