गर्दी ओसरली तरी रीस्टार्टशिवाय वेग येत नाही, लिनक्समधली टीसीपी मेमरीची मर्यादा, टीसीपी_मेम, वाढवू काय?

चिकोडी_नोड
लिनक्स गेटवे, रॅम ४ जीबी, स्वॅप बंद. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या दूध संकलन केंद्रांची यंत्रं याला जोडलेली. संध्याकाळी एका वेळी १,८०० च्या आसपास कनेक्शन. प्रत्येक मापामागे १५० बाइटचा संदेश येतो, उलट दिशेने फॅटप्रमाणे दरपत्रक जातं. गर्दी साडेआठला संपते, पण रात्री अकरालाही केंद्रांकडून लॉग फाइल चढताना सेकंदाला १४० केबीच्या वर जात नाही. पिंग ४० मिलिसेकंद, लाइन मोकळी, सीपीयू निवांत, १ जीबी रॅम शिल्लक. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. सॉकस्टॅटमध्ये (कर्नलची सॉकेटांची आकडेवारी) टीसीपीच्या ओळीत मेम २१,४०० दिसतंय. आधीच कुणीतरी घालून ठेवलेलं टीसीपी_मेम असं: ४०९६ ८७३८० १६७७७२१६. टीसीपी_आरमेमलाही (रिसीव्ह बफरची मर्यादा) हेच तीन आकडे. वाढवू काय?

टिळकवाडी_कर्नल
थांबा, वाढवू नका. आरमेमचे आकडे उचलून मेममध्ये चिकटवलेत. आरमेम बाइटमध्ये आणि एका सॉकेटपुरतं, म्हणजे एका कनेक्शनपुरतं. मेम पेजमध्ये (कर्नलचे मेमरीचे ठरावीक तुकडे) आणि मशीनवरच्या सगळ्या टीसीपी सॉकेटांचं मिळून. ४ केबीच्या पेजने हिशोब करा: पहिला आकडा १६ एमबी, दुसरा ३४१ एमबी, तिसरा ६४ जीबी.

तुमचा घोटाळा पहिल्या दोघांत आहे. वापर दुसऱ्या आकड्याच्या वर गेला की कर्नल प्रेशरमध्ये, म्हणजे मेमरी वाचवायच्या अवस्थेत, शिरतो, पण बाहेर येतो तो पहिल्याच्या खाली उतरल्यावरच. संध्याकाळी ३४१ ओलांडलं असणार. आता २१,४०० पेज म्हणजे ८४ एमबी, तरी १६ च्या खाली नाही, म्हणून रात्रभर प्रेशर चालूच. प्रेशरमध्ये रिसीव्ह बफर आपोआप वाढणं बंद होतं, आणि अर्ध्याहून जास्त भरलेल्या सॉकेटची विंडो (पोच न मिळता समोरच्याला पाठवता येणारा डेटा) चार सेगमेंटवर, म्हणजे चार पॅकेटांवर येते. एकदा आकसली की प्रेशर उतरेपर्यंत फुगत नाही. चार सेगमेंट म्हणजे ५,८०० बाइट. ४० मिलिसेकंदाने भागा, सेकंदाला १४५ केबी. तुमचाच आकडा आला.

खात्री करायची तर प्रॉकमधल्या नेट फोल्डरात प्रोटोकॉल्स फाइल उघडा. टीसीपीच्या ओळीत प्रेस रकान्यात येस असेल.

सिसकंट्रोलच्या (कर्नल सेटिंगच्या) फाइलमधली टीसीपी_मेमची ओळ काढा. नुसती ओळ काढून चालू कर्नलमधले आकडे बदलत नाहीत. रीस्टार्ट करा, किंवा हातानं ४५००० ६०००० ९०००० लिहा: १७६, २३४ आणि ३५२ एमबी. ४ जीबीवर कर्नल स्वतः साधारण एवढंच धरतो.

उद्यमबाग_लॅन
टिळकवाडी अण्णांचं बरोबर आहे, पण तेवढ्यानं निम्मंच काम होईल. ३४१ एमबी भरलंच कशानं? १,८०० कनेक्शन आणि १५० बाइटचे संदेश, एवढ्यात भरायला नको. आता कमाल ३५२ वर आणली तर संध्याकाळी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) आउट ऑफ मेमरीची ओळ यायला लागेल आणि कनेक्शन तुटतील. गर्दीच्या वेळी एसएस कमांड टीएम पर्यायासह चालवून एसकेमेममधला आर (आलेल्या डेटाची मेमरी), आरबी (तिची मर्यादा) आणि डब्ल्यू (पाठवायच्या रांगेतल्या डेटाची मेमरी) टाका इथे.

चिकोडी_नोड
प्रेसमध्ये येसच होतं. ओळ काढून रीस्टार्ट केलं, रात्रीचा वेग आला. एसएसमध्ये बऱ्याच सॉकेटांना आरबी ८३८८६०८, आर ४ ते ६ लाख. काहींना आर शून्य पण डब्ल्यू ७०,०००, ती केंद्रं लाईट गेल्यामुळे बंद होती.

उद्यमबाग_लॅन
दोन वेगळी दुखणी आहेत.

आर मोठा म्हणजे डेटा आलाय, ॲप्लिकेशन उचलत नाही. बहुतेक प्रत्येक संदेशामागे डेटाबेस कमिट होऊलंय. वाचणारा थ्रेड वेगळा काढा, कमिट शंभर-दोनशेच्या गठ्ठ्यानं करा. आणि १५० बाइटवर जाऊ नका: कर्नल हिशोबात अख्खा बफर धरतो, बऱ्याच ड्रायव्हरांत पॅकेटमागे २,३०४ बाइट. ५ लाखांचा आर म्हणजे जेमतेम २१७ संदेश, ३३ केबीसुद्धा खरा डेटा नाही. आरबी बरोबर ८ एमबी दिसतोय, म्हणजे कोडमध्ये एसओ_आरसीव्हीबफनं (रिसीव्ह बफर ठरवणारा सॉकेटचा पर्याय) ४ एमबी मागितलंय. कर्नल दुप्पट करतो. ती ओळ काढा. ती असेपर्यंत त्या सॉकेटचं ऑटोट्यूनिंग बंद राहतं.

डब्ल्यू अडकलेले म्हणजे न पोचलेली दरपत्रकं. समोरचं यंत्र फिन (कनेक्शन बंद करतोय हा निरोप) न पाठवता मेलं, कर्नल १५ वेळा परत पाठवत बसतो, त्यात पंधरा मिनिटं जातात. टीसीपी_यूझर_टाइमआउट (पोच न आल्यास कनेक्शन सोडायची मुदत) ६०,००० मिलिसेकंद ठेवा.

टिळकवाडी_कर्नल
किपअलाइव्हही (निवांत कनेक्शन जिवंत आहे का याची चौकशी) लावा. ज्या सॉकेटवर पाठवायचं काहीच नाही तिथे यूझर टाइमआउट एकटं काही करत नाही, आणि मुळात दोन तासांनी पहिली चौकशी होते. आयडल १२०, इंटरव्हल २०, काउंट ४ ठेवलं की मेलेलं कनेक्शन २०० सेकंदांत सुटतं. मात्र दोन्ही एकत्र लावल्यावर काउंटपेक्षा टाइमआउटचा आकडा वरचढ ठरतो, तेव्हा २०० सेकंदांहून लवकर तुटलं तर चक्रावू नका.